अवकाशात जाणाऱ्या बेअरिंगचं वंगण: धुण्यापासून चाचणीपर्यंत

उद्यमनगरातल्या माझ्या शॉपमध्ये हल्ली कॉलेजची मुलं छोट्या उपग्रहाचे जॉब घेऊन येतात. कुणाचं सोलर पॅनेलचं बिजागर असतं, कुणाचा अँटेना फिरवणारा ड्राइव्ह, तर कुणाला पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यावर, म्हणजे 'पोएम'वर, एखादा फिरणारा प्रयोग बसवायचा असतो. मशिनिंग उत्तम असतं. कोल्हापुरात दोन मायक्रॉनचं काम करणारे हात मिळतात, तो प्रश्नच नाही. गाडी अडते ती वंगणाशी. वंगण हे शेवटी लावायचं काहीतरी आहे असं समजून लोक येतात, आणि तोवर निम्म्या चुका होऊन गेलेल्या असतात.

म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. उदाहरण एकच धरलंय: ८ बाय २२ बाय ७ चं, सगळ्यांच्या ओळखीचं ६०८ मापाचं बेअरिंग, ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगमध्ये जोडीने बसवलेलं आणि हळू फिरणारं. तुमचं माप वेगळं असलं तरी क्रम हाच.

१. आधी कागद: किती फिरणार, कुठे फिरणार

वंगण निवडण्याआधी चार आकडे लिहा: एकूण फेऱ्या, वेग, सर्वांत थंड आणि सर्वांत गरम तापमान, आणि शेजारी कॅमेऱ्याची काच किंवा आरसा आहे का. शेवटचा मुद्दा बरेच जण विसरतात. निर्वातात वंगणाची वाफ उडते आणि जिथे थंड काच दिसेल तिथे जाऊन बसते. त्यासाठी एएसटीएम ई ५९५ ही चाचणी असते. पदार्थ १२५ अंशांवर २४ तास निर्वातात ठेवतात. एकूण वजन १ टक्क्यापेक्षा जास्त घटता कामा नये, आणि थंड पट्टीवर जमणारा भाग ०.१ टक्क्याच्या आत हवा. वंगणच नव्हे, गोंद, वायरचं आवरण, केजचं (बॉल वेगळे धरून ठेवणाऱ्या पिंजऱ्याचं) प्लॅस्टिक, सगळ्यांना हीच फूटपट्टी.

फेऱ्यांचा हिशेब असा. खालच्या कक्षेत पृथ्वीभोवती एक फेरी साधारण दीड तासाची, म्हणजे दिवसाला १५ धरू. पॅनेल दर फेरीला एकदा फिरत असेल तर तीन वर्षांत १६,४२५ फेऱ्या होतात. पण चाचणीत तेवढ्याच करून भागत नाही. युरोपच्या ईसीएसएस या अवकाश मानकात टप्पे आहेत: पहिल्या १० फेऱ्यांना १० ने गुणायचं, ११ ते १,००० पर्यंतच्यांना ४ ने, १,००१ ते एक लाखापर्यंतच्यांना २ ने, आणि त्यापुढच्यांना १.२५ ने. म्हणजे १०० अधिक ३,९६० अधिक ३०,८५०, एकूण ३४,९१०. त्याशिवाय जमिनीवर जोडणी-तपासणीत जितक्या फेऱ्या होतील त्याही ४ ने गुणून यात मिळवायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना 'बघा कसं फिरतंय' म्हणून फिरवून दाखवताना हे ध्यानात असू द्या.

मोटरचा हिशेबही इथेच उरकून टाका. घर्षणाचा टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) मोजलेला असेल तर त्याला १.५ ने गुणा, नुसता अंदाज असेल तर ३ ने. वळणाऱ्या वायरिंगलाही तोच नियम. सगळ्याची बेरीज करून दुप्पट करा. समजा, बेअरिंगचं घर्षण मोजून १० मिलिन्यूटन-मीटर आलं आणि वायरिंगचं ४. मग १५ अधिक ६ म्हणजे २१, आणि दुप्पट ४२. मोटरने एवढा टॉर्क सर्वांत थंड तापमानाला आणि सर्वांत कमी व्होल्टेजला द्यायला हवा. खोलीत २० अंशांना मोजलेलं घर्षण इथे वापरू नका. थंडीत ग्रीस घट्ट होतं आणि आकडा कुठल्या कुठे जातो.

> तपासा: चारही आकडे एका पानावर, खाली तारीख आणि सही. हे पान नसेल तर पुढे जाऊ नका.

२. वंगणाची निवड

फार खोलात जात नाही, कारण पर्याय मोजके आहेत.

एकदाच उघडायचं बिजागर किंवा फार कमी फेऱ्यांचं काम असेल तर कोरडा थर: मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा, सुमारे एक मायक्रॉन जाडीचा, निर्वात कक्षात स्पटरिंगने चढवलेला. शेजारी काच असेल किंवा थंडी खूप असेल तरीही हाच. हळू पण सतत फिरणाऱ्या ड्राइव्हला ग्रीस, आणि वेगाने फिरणाऱ्या चक्राला तेल.

ओल्या वंगणात दोन घराणी आहेत. एक पीएफपीई, म्हणजे फ्लोरिनयुक्त तेलं: फॉम्बलिन झेड २५ आणि त्याच जातीच्या तेलापासून बनलेलं ब्रेकोट ६०१ ईएफ ग्रीस. यांची वाफ नगण्य आणि थंडीतही ती चांगली वाहतात. पण धातूवर धातू घासत राहिला, मध्ये तेलाचा पूर्ण पडदा तयार झाला नाही, तर पोलादाच्या ताज्या पृष्ठभागावर या तेलाचे रेणूच तुटू लागतात. दुसरं घराणं मॅक तेलांचं, म्हणजे पेनझेन. ती अशा घासणाऱ्या कामात जास्त टिकतात, त्यांच्यात झीजरोधक द्रव्यंही मिसळता येतात, पण कडाक्याच्या थंडीत पीएफपीईपेक्षा लवकर घट्ट होतात.

> सावधान: स्टेशन रोडच्या दुकानातलं 'मोली ग्रीस' म्हणजे मॉलिब्डेनमचा थर नव्हे. ते साधं लिथियम ग्रीस आहे, त्यात थोडी मोली घातलेली. निर्वातात त्याचं तेल उडून जाईल. ग्राफाइट पावडर तर मुळीच नको: ग्राफाइट गुळगुळीत राहतं ते हवेतल्या ओलाव्यामुळे, आणि वर ओलावा नसतो.

३. जॉब तयार करताना

इथल्या चुका नंतर कुठलंच वंगण झाकत नाही.

फिटपासून सुरू करू. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन आकुंचन पावतं, बेअरिंगचं ४४० सी पोलाद सुमारे १०. फरक १३ चा. २२ मिलिमीटरच्या व्यासावर, २० अंशांवरून उणे ४० पर्यंत गेल्यावर हाऊसिंग बेअरिंगपेक्षा सुमारे १७ मायक्रॉन जास्त आवळतं. शॉपमध्ये हाताने सरकणारा गोड फिट तिथे बेअरिंगचा गळा दाबतो. उलट गरमीत तोच ढिला पडतो आणि प्रीलोड, म्हणजे जोडीला मुद्दाम दिलेला दाब, जातो. शिवाय वर हवा नसल्याने बेअरिंगची उष्णता फक्त धातूतून वाहून जाते. आतली रेस (बॉल धावतात ती कडी) बाहेरच्या रेसपेक्षा गरम राहते आणि आणखी फुगते. जमलं तर हाऊसिंग टायटॅनियमचं किंवा पोलादाचं करा. नाहीतर एका बेअरिंगला पातळ, लवचीक डायफ्रामवर बसवा म्हणजे ते अक्षाच्या दिशेने सरकू शकेल.

मग ब्लाइंड होल. टॅप केलेल्या बंद भोकात स्क्रू बसला की तळाशी हवा आणि कूलंट अडकतं. निर्वातात ते दिवसचे दिवस झिरपत राहतं. बाजूने एक मिलिमीटरचं भोक काढून द्या किंवा मधून भोक असलेला स्क्रू वापरा.

स्क्रूवरून आठवलं. झिंक प्लेटिंग आणि कॅडमियम प्लेटिंग दोन्ही बंद. निर्वातात गरम झालं की हे धातू उडून दुसरीकडे जाऊन बसतात. बाजारातला चकचकीत स्क्रू बहुतेक वेळा झिंकचाच असतो, म्हणून स्टेनलेसचा मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. पण स्टेनलेसमध्ये स्टेनलेस आवळलं की पकडतं, हे कुठल्याही फिटरला सांगायला नको. वर ते जास्तच पकडतं, कारण हवेतला ऑक्सिजन नसल्याने घासून गेलेला ऑक्साइडचा थर परत तयार होत नाही. घासणाऱ्या जोडीत दोन्हीकडे एकच धातू ठेवू नका.

४. जागा

शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावला शॉप असेल तर शेजारी फौंड्री असणारच. फौंड्रीची वाळू म्हणजे क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झचा कण बेअरिंगच्या कडक केलेल्या पोलादाहूनही कठीण असतो. एक कण रेसवर गेला की खड्डा पडलाच. म्हणून हे काम मशीन शॉपमध्ये करायचंच नाही. वेगळी बंद खोली, आत लॅमिनार फ्लो बेंच (गाळलेल्या हवेचा संथ झोत असलेलं टेबल), पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे, डोक्याला टोपी. फौंड्रीत जाऊन आलेल्या माणसाने त्याच कपड्यांवर आत यायचं नाही, मग तो मालक का असेना.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवा अशी असते की सकाळी पुसलेलं ईएन ३१ पोलाद दुपारी बोटाच्या ठशावर गंजतं. खोलीत डिह्युमिडिफायर लावून आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणा. नाही जमलं तर काम दिवाळीनंतर ठेवा. खरंच.

५. धुणं

या पायरीवर सर्वांत जास्त शब्द खर्च करतोय, कारण सर्वांत जास्त जॉब इथेच वाया जातात. माझाही गेलाय.

नवं बेअरिंग कोरडं दिसलं तरी त्यावर कारखान्याचं गंजरोधक तेल असतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा पेट्रोलने धुतलं, एअर गन मारली, आणि पीएफपीई ग्रीस भरलं. फिरवलं तर लोण्यासारखं. दोन दिवसांनी उघडलं, भिंगाखाली धरलं, तर पांढरं ग्रीस रेसवर पसरलेलंच नव्हतं. अळूच्या पानावर पाणी जसं मोत्यांसारखं गोळा होतं, तसे त्याचे दाणे दाणे झाले होते आणि मधली रेस उघडी. पीएफपीई साध्या तेलात मिसळत नाही, त्यावर नीट चिकटतही नाही. खाली जुन्या तेलाचा नुसता श्वासभर थर राहिला तरी असंच होतं.

क्रम असा ठेवा:

१. बेअरिंग उघडं घ्या, शील्ड किंवा रबरी सील नसलेलं. सीलवालं घेऊन सुईने सील उचकटणं नको; कड वाकली की कण आत पडतात.
२. डीमॅग्नेटाइझ करा. चुंबकत्व राहिलं तर पोलादाचा भुगा धुऊन निघत नाही.
३. हेप्टेनमध्ये अल्ट्रासोनिक, पाच ते दहा मिनिटं. मग तेच नव्या, स्वच्छ हेप्टेनमध्ये पुन्हा. एकाच भांड्यात सगळे जॉब धुतले तर शेवटचा जॉब पहिल्याच्या घाणीत न्हातो.
४. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तसंच.
५. पीएफपीई लावायचं असेल तर शेवटची आंघोळ फ्लोरिनयुक्त सॉल्व्हंटची.
६. गाळलेल्या कोरड्या नायट्रोजनने सुकवा, मग निर्वात ओव्हनमध्ये १०० अंशांना तासभर.

केज फेनॉलिकचा, म्हणजे कापडी लॅमिनेटचा असेल तर त्याची वेगळी रीत. तो ओलावा पितो. आधी निर्वातात गरम करून वाळवा, मग जे तेल वापरणार त्याच तेलात निर्वातात बुडवून ठेवा, वरचेवर वजन करा. वजन वाढायचं थांबलं की केज भरला. केज कोरडा ठेवला तर तो तुम्ही मोजून दिलेलं तेल स्वतःच पिऊन टाकतो.

> सावधान: हेप्टेनची वाफ पेट्रोलसारखीच पेटते. साध्या अल्ट्रासोनिक टाकीत ते थेट ओतू नका. झाकणाच्या काचेच्या बीकरमध्ये घ्या, बीकर टाकीतल्या पाण्यात ठेवा, एक्झॉस्ट चालू, आसपास हीटर-वेल्डिंग काही नको.

> सावधान: सुकवताना एअर गन मारून बेअरिंग किर्रर्र फिरवणं, ही आपल्या सगळ्यांचीच हौस. कोरडं बेअरिंग फिरलं की बॉल रेसला ओरखडे पाडतो. बोटाने दोन्ही रेस धरून ठेवा, मग हवा सोडा.

> तपासा: त्याच पोलादाची एक पॉलिश केलेली पट्टी बेअरिंगबरोबरच सगळ्या भांड्यांतून धुऊन काढा. शेवटी तिच्यावर वंगणाच्या मूळ तेलाचा एक थेंब. तो पसरत गेला तर पुढे चला. गोळा होऊन बसला तर हेप्टेनपासून परत.

धुतल्यापासून वंगण लागेपर्यंत मध्ये रात्र जाऊ देऊ नका. उघडं पोलाद कोल्हापूरच्या हवेत सकाळपर्यंत तसंच राहत नाही.

६. वंगण: डोळ्याने नाही, वजनाने

आमच्या शॉपमधले अण्णा तीस वर्षं फिटर आहेत. पहिल्या बेअरिंगच्या वेळी सिरिंज माझ्या हातात, ते शेजारी उभे. मी थांबलो तसे म्हणाले, "आणि थोडं लावा की साहेब, कोरडं कोरडं दिसतंय." त्यांचं चुकलं नव्हतं, उसाच्या चरकाच्या बेअरिंगला तेच बरोबर. इथे जास्तीचं ग्रीस बॉल घुसळत बसतात, टॉर्क वाढतो, आणि ते बाहेर सरकून काचेकडे जातं.

हिशेब करू. ६०८ बेअरिंगने व्यापलेली एकूण जागा, बाहेरचा व्यास २२, आतला ८, रुंदी ७, म्हणजे सुमारे २,३०० घन मिलिमीटर. बेअरिंगचं वजन सुमारे १२ ग्रॅम. पोलादाच्या घनतेने भागलं की धातू सुमारे १,५५० घन मिलिमीटर. रिकामी जागा साडेसातशेच्या आसपास. मी तिच्या दहा टक्क्यांपासून सुरुवात करतो: ७५ घन मिलिमीटर. पीएफपीई ग्रीसची घनता पाण्याच्या जवळपास १.९ पट, म्हणून वजन सुमारे १४० मिलिग्रॅम. मॅक तेलाचं ग्रीस असेल तर तेवढ्याच जागेला त्याच्या निम्मं. 'मागच्या वेळी १४० घातलं होतं' म्हणून वंगण बदलल्यावरही तेवढंच घालणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

मिलिग्रॅम दाखवणारा तराजू हवा. सराफाचा काटा बहुतेक वेळा दहा मिलिग्रॅमवर थांबतो, त्यावर विसंबू नका. बेअरिंगचं कोरडं वजन लिहा. सिरिंजने बॉलच्या मधल्या फटींत, दोन्ही बाजूंनी, थोडं थोडं टोचा. हळूहळू हाताने फिरवा. पुन्हा वजन. आकडा जास्त आला तर पुसून कमी करू नका, धुऊन पुन्हा करा. पुसताना कपड्याचे तंतू आत राहतात.

कोरडा थर मात्र आपण लावत नाही, ते प्रयोगशाळेचं काम. आपलं काम तो परत आल्यावर बिघडवू न देणं: सॉल्व्हंटने पुसायचा नाही, बोट लावायचं नाही, आणि दमट हवेत फिरवायचा नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइड निर्वातात अत्यंत गुळगुळीत असतं. ओलसर हवेत त्याचं घर्षण कित्येक पट वाढतं आणि थर झपाट्याने झिजतो. ग्राफाइटच्या अगदी उलट स्वभाव. अशा बेअरिंगला केजही पीटीएफई (टेफ्लॉन) मिश्रणाचा घ्या. थर झिजला की केजमधून नवा थोडा थोडा चढत राहतो.

७. रन-इन, म्हणजे हळू फिरवून रुळवणं

जोडी खऱ्या प्रीलोडवर बसवा, मोजा, मग हळू फिरवा: काही फेऱ्या एका दिशेने, तितक्याच उलट. टॉर्कचा आलेख कागदावर घ्या. सुरुवातीला वर असतो, ग्रीस बाजूला सरकून बॉलला वाट करून देतं तसा खाली येतो आणि सपाट होतो. सपाट झाला की थांबा. खाली येतच नसेल तर ग्रीस जास्त झालंय किंवा फिट आवळलाय. ठरावीक जागीच टोक येत असेल तर तिथे कण किंवा खड्डा आहे. 'फिरून फिरून जाईल' असं म्हणू नका.

कोरड्या थराचं रन-इन फक्त कोरड्या नायट्रोजनमध्ये किंवा निर्वातात.

८. बांधणं आणि पाठवणं

नासाच्या गॅलिलिओ यानाची मोठी अँटेना एप्रिल १९९१ मध्ये उघडलीच नाही. तिच्या काही काड्या अडकून बसल्या. कारण शोधताना बोट गेलं ते ट्रकवर: कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडादरम्यानच्या प्रवासात धक्क्यांनी पिनांवरचा कोरडा थर आधीच घासून गेला होता.

आपल्याकडून बेंगळुरू सुमारे ६०० किलोमीटर. न फिरणाऱ्या बेअरिंगला इतका वेळ थरथर बसली की प्रत्येक बॉल जागच्या जागी हलतो आणि रेसवर छोटे छोटे डाग पाडतो. शाफ्ट लॉक करा, बेअरिंगवरचा भार उतरवा, जॉब नायट्रोजन भरलेल्या दुहेरी पिशवीत सिलिका जेलसकट ठेवा, पेटीत जाड फोम. आणि पेटी कुरियरला नको, माणसाच्या मांडीवर जाऊ द्या.

कपाटात महिनोन्महिने राहणार असेल तर तेल खाली ओघळतं. दर महिन्याला काही फेऱ्या हळू फिरवा आणि वहीत नोंदवा. हिशेबात त्याही धरायच्या आहेत.

९. चाचणी: क्रम उलटा करू नका

आधी कंपन, मग निर्वातातलं तापमान. उड्डाणात हादरे आधी बसतात, निर्वात नंतर येतं, चाचणीतही तसंच. कंपनाआधी आणि नंतर टॉर्क मोजा. निर्वात कक्षात दाब एक हजारांश पास्कलच्या खाली गेल्यावर थंड आणि गरम दोन्ही टोकांना टॉर्क घ्या, आणि पायरी एकमधल्या पानाशी ताडून बघा. अशा सोयी छोट्या संघांना मिळवून देण्याचं काम अहमदाबादची इन-स्पेस ही सरकारी संस्था करते. अर्ज लवकर करा.

आयुष्याची चाचणी वेगळ्या नगावर करायची. उडणारा नग त्यात झिजवायचा नाही.

> सावधान: ३५ हजार फेऱ्या लवकर संपाव्यात म्हणून वेग वाढवण्याचा मोह होतो. ओल्या वंगणात वेग वाढला की बॉल आणि रेसमध्ये तेलाचा पूर्ण पडदा तयार होतो आणि धातूला धातू लागतच नाही. चाचणी झकास पास होते. वर हळू वेगाने तेच बेअरिंग घासत राहतं. चाचणी खऱ्या वेगानेच घ्या, मग महिने लागले तरी चालतील.

> सावधान: मध्येच टॉर्क वाढला म्हणून उघडून 'जरासं' ग्रीस घातलं, तर तिथून पुढची चाचणी तुमच्या ग्रीसची नाही, तुमच्या घाईची.

फेऱ्या पूर्ण झाल्यावर बेअरिंग उघडा आणि सगळं सुटं करून पांढऱ्या कागदावर मांडा. पीएफपीई ग्रीस पांढरं राहिलेलं असेल तर उत्तम. तपकिरी किंवा काळपट झालं असेल, कडेला कोरडा चुरा असेल, तर तेल तुटायला लागलंय. टॉर्क चांगला होता तरी हा नग नापास धरा. बॉलच्या वाटेचा पट्टा रेसवर सगळीकडे सारख्या रुंदीचा हवा. एका बाजूला रुंद, दुसरीकडे अरुंद दिसला तर बेअरिंग तिरकं बसलं होतं, म्हणजे चूक वंगणाची नसून पायरी तीनमधल्या हाऊसिंगची. तिथून पुन्हा सुरू करा. मागच्या डिसेंबरात मी तेच केलं.